छोट्या रीफ टँकचं पाणी: पाचही बाटल्या बंद करा, आधी केएच मोजा

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात खराडीला फ्लॅट, ६० लिटरचा रीफ टँक (म्हणजे खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक), आठ महिने झालेत, दोन क्लाऊन मासे, आणि मऊ कोरलांपैकी (प्रवाळ) तीन-चार प्रकारचे झोआ, थोडे मशरूम आणि एक लेदर. रोज सकाळी कॅल्शियम, पीएच बफर, आयोडीन, स्ट्रॉन्शियम आणि अमिनो ॲसिड अशा पाच बाटल्यांतून टोपणाने मोजून घालताय, शिवाय फिल्टरमध्ये फॉस्फेट काढायचा मीडिया (शोषून घेणारे दाणे) आहे. आकडे दिलेत ते असे: केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, डिग्रीत) १३.४, कॅल्शियम ३५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पीएच ७.९, आणि काटेवाल्या हायड्रोमीटरवर सॅलिनिटी (खारटपणा, साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२३. झोआ पंधरा दिवस मिटलेत, लेदर मान टाकून बसलाय, त्याच्यावर मेणासारखा थर आलाय, आणि तुम्ही विचारताय की आता मॅग्नेशियमची बाटली आणू की दुसऱ्या कंपनीचं कॅल्शियम.

काहीच आणू नका. आणि आज रात्रीपासून त्या पाचही बाटल्या बंद, फॉस्फेटचा मीडियाही बाहेर. हे वाचून धक्का बसेल, कारण दुकानात टँक घेताना आपल्याला सांगितलेलं असतं की रीफ म्हणजे सप्लिमेंट, पण तुमच्या टँकमध्ये जे जीव आहेत ना, झोआ, मशरूम, लेदर, यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो. कॅल्शियम आणि केएच भराभर खातात ती हार्ड कोरलं. तुमच्याकडे खाणारं कोण, तर काचेवर-दगडावर येणारं जांभळं कोरलाईन शेवाळ आणि गोगलगायींचे शंख, बस. म्हणजे घरात दोन माणसं आणि रोज वीस जणांचा स्वयंपाक चाललाय, उरलेलं जाणार कुठे?

कुठे जातं ते तुम्हीच बघा. हीटरचा प्लग काढा, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग बाहेर काढून नखाने खरवडा. पांढरा, खरखरीत थर निघेल. त्याच्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका, फसफसेल. ते तुमचं कॅल्शियम आहे, तुम्ही पैसे देऊन आणलेलं. केएच खूप वर गेला की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून खाली बसतात, आणि पहिल्यांदा बसतात ते गरम जागी, म्हणजे हीटरवर आणि पंपाच्या आत. त्यामुळे तुम्ही एकीकडून कॅल्शियम घालताय आणि दुसरीकडून बफर त्याला बाहेर काढतोय. कॅल्शियम ३५० वरून हलत नाही याचं एक कारण हे.

दुसरं कारण सॅलिनिटी. आणि हे मी सगळ्यांना पहिलं सांगतो, कारण मिठाचा आकडा चुकला की बाकी सगळे आकडे त्याच्याबरोबर चुकतात. समुद्राचं पाणी ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) असतं, म्हणजे २५ डिग्रीला १.०२६ च्या जरा वर, आणि त्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि केएच ७ च्या जवळ. तुमचा १.०२३ जर खरा असेल तर पाणी ३०-३१ पीपीटीचं झालं, तेवढ्या पातळ पाण्यात कॅल्शियम आपोआपच ३६५-३७० असणार. म्हणजे जी तूट तुम्ही कॅल्शियमची समजताय त्यातली बरीचशी मिठाची आहे. आणि १.०२३ खरा आहे का तेही माहीत नाही, कारण त्या काट्याला बुडबुडा चिकटला की तो उचलला जातो आणि जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा सांगणारं उपकरण) घ्या, आणि तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून सोडू नका, ३५ च्या द्रावणावर लावून जुळवा. विकत नको असेल तर घरी होतं: किचनच्या वजनकाट्यावर ३६.५ ग्रॅम साधं मीठ, आणि एकूण वजन एक किलो भरेपर्यंत आरओ पाणी, नीट विरघळवा, हे रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला पाहिजे. झाकणवाल्या बाटलीत ठेवा, दर महिन्याला दोन थेंब लावून बघत जा.

आता बफर का घालत बसलात, तर पीएच ७.९ आहे म्हणून. नव्वद टक्के लोक इथेच फसतात, मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. बफर घातला की पीएच तासभर चढतो, संध्याकाळी परत तिथेच, म्हणून दुसऱ्या दिवशी परत टोपण, असं करत पीएच काही वाढत नाही आणि केएच मात्र ८ वरून १३ वर जाऊन बसतो. पीएच खाली ठेवतोय तो घरातला कार्बन डायऑक्साइड. बंद फ्लॅट, एसी चालू, चार माणसं, शेगडी. खात्री करायची असेल तर एक ग्लास टँकचं पाणी घ्या, गॅलरीत नेऊन त्यात तासभर एअर पंपाची नळी सोडा आणि परत पीएच घ्या. वर गेला तर दोष पाण्याचा नाही, खोलीच्या हवेचा आहे. त्याला उपाय खिडकी. पण खरं सांगू का, ७.८ ते ८.३ मध्ये कुठेही असला तरी या कोरलांचं काही बिघडत नाही, पीएचचा आकडा बघून काहीही घालू नका, कधीच नाही.

छोट्या टँकमध्ये रोज डोळ्यात तेल घालून बघायचा आकडा एकच, केएच. कारण तो सगळ्यात लवकर हलतो. साधं गणित आहे, केएच एक डिग्री खाल्ला जातो तेव्हा कॅल्शियम जेमतेम सात पीपीएम उतरतं. म्हणजे केएच ८ वरून ६ वर घसरला, हा मोठा प्रकार झाला, तरी कॅल्शियम ४२० चं ४०६ होणार, जे तुमच्या टेस्ट किटला कळणारही नाही. म्हणून कॅल्शियम पंधरा दिवसांनी मोजलं तरी चालतं, मॅग्नेशियम महिन्याने.

आणि मोजायचं नीट. थेंबांचं किट असेल तर सिरिंजने पाणी घेताना टोकात हवा राहते ती रेघेत धरू नका, पिस्टनची एकच कड ठरवा आणि दर वेळी तिथेच वाचा. थेंब टाकताना बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. टाकत-हलवत जा, शेवटी निळसर-हिरवा रंग जाऊन केशरी-गुलाबीकडे वळतो, तिथे थांबा, पुढच्या थेंबाला अजून गुलाबी होतोय का बघत बसू नका. रोज एकाच वेळी घ्या, दिवे लागायच्या आधी किंवा संध्याकाळी सातला, काय ते ठरवा. माझे आकडे मी कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी. मोबाईलमधलं कुणी उघडून बघत नाही, भिंतीवरचं जाता-येता दिसतं आणि ८.१, ७.९, ७.६ अशी उतरण चार दिवसांत डोळ्यात भरते.

तर तुमचा १३.४ खाली कसा आणायचा. ॲसिड वगैरे घालून नाही. नुसतं पाणी बदलून, हळूहळू. ६० लिटरच्या टँकमध्ये दगड-वाळू धरून खरं पाणी ५० लिटर असेल. दर तिसऱ्या दिवशी ५ लिटर बदला, केएच ८ च्या आसपास बसणाऱ्या समुद्री मिठाच्या पाण्याने (टँकसाठी विकत मिळतं ते, रीफ सॉल्ट). हे मीठ कोणतं ते डब्यावर वाचून ठरवू नका, एक बादली बनवून स्वतः मोजा, कारण काही रीफ सॉल्ट ११-१२ केएचला बनतात, ती हार्ड कोरलवाल्यांसाठी असतात, तुमच्यासाठी आत्ता नकोत. पहिल्या बदलाला १३.४ चं १२.९ होईल. निराश होऊ नका, एका दिवसात अर्ध्या-एक डिग्रीपेक्षा जास्त हलवायचंच नाहीये. दहा बदलांनंतर, म्हणजे महिन्याभराने, केएच दहाच्या खाली आलेला असेल आणि गंमत म्हणजे नव्या पाण्यात ४२० कॅल्शियम असेल तर तुमचं ३५० सुद्धा तोवर ३९५ च्या आसपास पोचलेलं असेल, एकही थेंब कॅल्शियम न घालता. सॅलिनिटीही तशीच चढेल. त्यानंतर आठवड्याला ५ लिटर, कायम. आयोडीन, स्ट्रॉन्शियम, बाकीची ट्रेस (अगदी थोडी लागणारी) मूलद्रव्यं, हे सगळं त्या ५ लिटरमध्ये येतं, म्हणून त्या बाटल्या परत उघडायच्या नाहीत. जे आपल्याला घरी धड मोजता येत नाही ते टँकमध्ये घालायचं नाही, हा नियम मी स्वतः चौदा वर्षं पाळतोय.

मीठ कालवायची पद्धत: बादलीत आधी पाणी, पंप चालू, मग मीठ, साधारण ३७-३८ ग्रॅम लिटरला, थोडं थोडं. उलटं केलं, मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी गाठ होऊन कॅल्शियम तिथेच बसतं आणि बादली गढूळ राहते. चार-पाच तास फिरू द्या, तापमान टँकएवढं आणा, मोजा, मग बदला.

पाणी कुठलं, हा पुण्यात वेगळाच विषय आहे. पेठांत, कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ आहे, आरओला त्रास देत नाही. पण तुमच्याकडे, खराडी-वाघोली पट्ट्यात, बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर असतात, आणि बोअरचं पाणी बसाल्टातून येतं, जड असतं, शिवाय आजचा टँकर एका विहिरीचा आणि उद्याचा दुसऱ्या. त्यामुळे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) हातात हवाच. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी एक टीडीएसचा स्क्रू असतो, तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो, म्हणून तुमचा आरओ ‘चांगला’ असूनही मीटरवर ४०-५० दाखवतो. पिण्याला ठीक, रीफला नाही. टेक्निशियनला सांगून मेंब्रेनच्या लगेच नंतरून एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिच्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारे दाणे) एक भांडं बसवा, शेवटी मीटरवर शून्य आलं पाहिजे. रेझिनचा रंग बदलायला लागला किंवा मीटर २-३ दाखवायला लागलं की रेझिन बदला. महापालिकेच्या पाण्यावर असाल तर ज्या गुरुवारी पाणी बंद असतं त्यानंतर शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येतं, त्या दिवशी टँकसाठी आरओ चालवूच नका, फिल्टर लवकर जातो. बुधवारीच दोन कॅन भरून ठेवा. पितळी तोटीतून किंवा तांब्याच्या भांड्यातून पाणी नेऊ नका, तांबं माशांपेक्षा आधी कोरलांना आणि कोळंब्यांना मारतं.

बाष्पीभवनाचं पाणी रोज भरायचं, आणि ते गोडं, आरओ-डीआय, मिठाचं नाही, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. तुमच्या ६० लिटरमधून दोन लिटर उडाले तर ३५ चं ३६ च्या वर जातं, एका दिवसात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की टँकवर पंखा लावला तर पाणी दोन-तीन डिग्री थंड होतं, पण पाणीही तेवढंच पितो तो. जुलै-ऑगस्टमध्ये हाच पंखा निम्माही उपयोगाचा नाही कारण हवाच ओली. मी २५-२६ वर ठेवतो, २८ च्या वर जाऊ देत नाही.

आता झोआ आणि लेदर. लेदरवरचा मेणासारखा थर बघून घाबरू नका, तो कात टाकतोय. आठवडा-दोन आठवडे मिटून राहतो, मग ती पातळ साल सुटते. वेव्हमेकरचा (टँकमध्ये लाटा करणारा पंप) थोडा झोत त्याच्या बाजूने जाऊ द्या म्हणजे साल लवकर निघते, हाताने ओढू नका. पण लेदर पाण्यात स्वतःची रसायनं सोडतो, शेजाऱ्यांना दाबून ठेवायला, आणि ६० लिटरमध्ये झोआंना पळायला जागा नाही. त्यामुळे चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन, दोन-तीन चमचे, आरओ पाण्यात धुऊन जाळीच्या पिशवीत, फिल्टरमध्ये जिथून पाणी जाईल तिथे ठेवा, आणि दर महिन्याला बदला. सॉफ्ट कोरलांच्या छोट्या टँकला मी एकच वस्तू विकत आणायला सांगेन तर ती हीच.

नायट्रेट-फॉस्फेट शून्य ही सुद्धा शाबासकी नाही. झोआ मिटायला एक कारण उपासमार असू शकतं. मला नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये आवडतं. दोन्ही शून्यावर राहिले की वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला थर येतो, डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव), आणि तो घालवायला महिने लागतात. मीडिया काढा, क्लाऊनना दिवसातून दोनदा थोडं थोडं फ्रोझन खायला द्या. अमिनोच्या बाटलीपेक्षा माशाची विष्ठा झोआंना जास्त मानवते.

पुढे कधी कोरलाईन सगळ्या दगडांवर पसरलं आणि केएच आपण होऊन उतरायला लागला, तर मग डोसिंगचा, म्हणजे रोज मोजून घालायचा, विचार. तीन दिवस काही न घालता मोजा, समजा ८.४ चा ७.८ झाला, म्हणजे रोज ०.२. शंभर लिटरला एक डिग्री चढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तुमच्या ५० लिटरला ०.२ साठी ०.३ ग्रॅम. एक लिटर आरओ पाण्यात ३० ग्रॅम सोडा विरघळवून ठेवा, त्यातले रोज १० मिली, जिथे पाणी जोरात वाहतं तिथे सावकाश. झालं तुमचं महागडं बफर. खायचा सोडा म्हणजे साधा सोडियम बायकार्बोनेट, पाकिटावर तेवढंच लिहिलेलं हवं. बेकिंग पावडर नाही, तिच्यात ॲसिड आणि पीठ असतं. पापडखार तर नाहीच. कॅल्शियम लागलंच तर कॅल्शियम क्लोराइड, पण सोडा आणि ते एकाच वेळी, एकाच जागी घालू नका, दोघांमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पाण्यात बर्फ पडल्यासारखं होतं.

काही जण चुन्याची निवळी सुचवतील, काल्कवासर म्हणतात ती. शाळेत फुंकर मारून दुधाळ करायचो तीच. चांगली आहे, कॅल्शियम आणि केएच बरोबर प्रमाणात देते, स्वस्त आहे, पण तिचा पीएच १२ च्या वर असतो आणि छोट्या टँकमध्ये चुकीला माफी नाही. २०१६ च्या मे महिन्यात माझ्या ९० लिटरच्या टँकला मी ऑटो टॉप-ऑफमधून (उडालेलं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) निवळी देत होतो, आठ लिटरचा कॅन पूर्ण भरलेला. रात्री एक गोगलगाय फ्लोट स्विचवर (पाण्याची पातळी बघणारा तरंगता स्विच) चढून बसली, फ्लोट खालीच राहिला, पंप थांबलाच नाही, आणि पहाटे पाचला मी उठलो तेव्हा टँकमध्ये आतला दगडसुद्धा दिसत नव्हता, सगळं दूध. कॅन रिकामा, खाली टाइल्सवर पाणी. हाताशी तयार मिठाचं पाणी होतं फक्त १५ लिटर, ते बदललं, एअर स्टोन लावले, खिडक्या उघडल्या. दोन्ही मासे वाचले. क्लीनर श्रिम्प (एक प्रकारची कोळंबी) गेला. अडीच वर्षं होता माझ्याकडे, हात पाण्यात घातला की दगडामागून येऊन नखांच्या कडा साफ करायचा. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून टॉप-ऑफच्या कॅनमध्ये साधं पाणी, आणि तेही एका वेळी दोन दिवसांपुरतंच, आणि १५ लिटर मिठाचं पाणी कायम तयार. तुम्हाला आत्ता निवळीची गरज नाहीये, आणि पानाचा चुना तर कधीच वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.

हार्ड कोरल घ्यायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. दगडी कोरलं, काळी कोरलं, समुद्रपंखे ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आलेली आहेत, वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा किंवा ‘ताजं लाईव्ह रॉक’ (जिवंत जीव धरलेला समुद्रातला दगड) कुणी देऊ करत असेल तर घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. कोरडा दगड आणा, चार-सहा महिन्यांत तो आपोआप जिवंत होतो.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी सोसायटीत धुराची फवारणी होते, तो भोंगा ऐकू आला की खिडक्या बंद करा आणि एअर पंप असेल तर तोही तासभर बंद, कारण पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो आणि डासांची औषधं कोळंबी-खेकड्यांना फार लवकर लागतात. डासांचं लिक्विड मशीन टँकच्या खोलीत नकोच.

आणि गणपतीत गावी जाताना, म्हणजे तुम्ही पाच दिवस नसणार असं लिहिलंय म्हणून सांगतो, कुणालाही बाटल्या, टेस्ट, काही शिकवत बसू नका. जायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नाही. खाणं औषधाच्या वारांच्या डबीत रोजचं वेगळं करून द्या, कोरडं, चिमूटभर, बाकीचा डबा लपवून ठेवा. काचेवर पाण्याच्या रेषेला टेपची एक पट्टी चिकटवा आणि शेजारच्या काकूंना एवढंच सांगा की पाणी पट्टीच्या खाली गेलं की कोपऱ्यातल्या कॅनमधलं हे एक भांडं ओतायचं, हळू, पट्टीपर्यंत, त्याच्या वर नाही.